ट्रॅक्टर-ट्रॉलीतून म्हशी आणायच्या, तर लायसन कोणतं लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सांगोल्याजवळचे. घरचा ४५ एचपीचा ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर, आणि तालुक्यातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेली दोन चाकांची ट्रॉली. तुमच्याकडं मोटारसायकल आणि एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन आहे, वडिलांचं बरंच जुनं आहे, मुलगा १९ वर्षांचा आहे. घोडेगावच्या बाजारातून दोन म्हशी आणायच्या आहेत. कुणी सांगतं, ट्रॉली जोडली की हेवी लायसन पाहिजे. कुणी सांगतं, शेतकऱ्याला लायसनच लागत नाही. ट्रेलर ओढायला वेगळी परीक्षा असते असंही तुमच्या वाचनात आलंय. शिवाय शेजाऱ्याची एखादी गाय डिझेलपाण्यापुरते पैसे घेऊन बाजारात नेली तर चालेल का, हेही विचारलंय.

मी मोटार अपघाताच्या दाव्यांत वकिली करतो, कधी जखमीच्या बाजूनं, कधी ट्रॅक्टरमालकाच्या. त्यामुळं माझं लक्ष चौकातल्या दंडापेक्षा अपघातानंतर काय होतं तिकडं जास्त असतं. लायसनपुरतं बोलायचं तर तुमच्या लायसनवर हा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट चालवता येतो. पण ट्रॉलीत जनावर चढलं की प्रश्न लायसनचा कमी आणि ट्रॉलीच्या पासिंगचा, विम्याचा आणि सोबत बसणाऱ्या माणसाचा जास्त होतो. तुम्ही यातलं काहीच विचारलेलं नाही, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी लायसन. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२१) मध्ये हलक्या मोटार वाहनाची, म्हणजे एलएमव्हीची व्याख्या आहे. मर्यादा ७,५०० किलोची. पण हे वजन कोणतं धरायचं, ते गाडीप्रमाणं बदलतं, आणि लोकांचा गोंधळ इथंच होतो. टेम्पो, पिकअप, ट्रक यांच्यासाठी भरल्या गाडीचं एकूण वजन धरतात, म्हणजे आरसीवर जीव्हीडब्ल्यू म्हणून छापलेलं असतं ते. मोटार आणि ट्रॅक्टर यांच्यासाठी मात्र रिकाम्या गाडीचं वजन धरतात. तुमचा ट्रॅक्टर रिकामा दोन टनांच्या आसपास भरेल. आपल्याकडं शेतात चालणारे मोठे ट्रॅक्टरसुद्धा साडेसात टनांच्या जवळपास जात नाहीत. म्हणजे ट्रॅक्टर एलएमव्हीतच बसतो.

आता ट्रॉली. ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टर मालवाहू गाडी होतो आणि चालकाला मालवाहूचंच लायसन लागतं, हा विमा कंपन्यांचा जुना बचाव आहे. सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये नागशेट्टी विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात तो फेटाळला. ट्रॅक्टर चालवण्याचं वैध लायसन ज्याच्याकडं आहे, त्याच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली आणि तीत माल भरला म्हणून त्याचं लायसन निकामी होत नाही, असं कोर्टानं स्पष्ट सांगितलं. कंपनीचा वकील आजही हा मुद्दा लेखी जबाबात टाकतो, कारण त्याच्या मसुद्यात तो छापलेलाच असतो. त्याला उत्तर म्हणून या निकालाचं नाव पुरतं.

पिकअपबद्दल मला नेहमी विचारतात, म्हणून तेही सांगून टाकतो. पिवळ्या अक्षरांच्या काळ्या किंवा पिवळ्या पाटीची गाडी म्हणजे ट्रान्सपोर्ट, आणि तिला वेगळा बॅज हवा, असं आपल्याकडं वर्षानुवर्षं चालत आलंय. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही लायसन पुरतं. त्यावर पुन्हा वाद झाला, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी या खटल्यात तीच भूमिका कायम केली. त्यामुळं छोटा हत्ती किंवा बोलेरो पिकअप तुमच्या साध्या एलएमव्ही लायसनवर चालवता येते. मोठा आयशर किंवा दहाचाकी म्हटलं की जीव्हीडब्ल्यू साडेसात टनांच्या वर जातं, तिथं ट्रान्सपोर्टची नोंद पाहिजेच. ती काढायला आधी किमान एक वर्ष एलएमव्ही लायसन हातात असावं लागतं आणि वयाची २० वर्षं पूर्ण लागतात. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये निघाली आहे, तेव्हा शाळेच्या दाखल्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

ट्रेलरच्या वेगळ्या परीक्षेबद्दल तुम्ही जे वाचलंय ते बहुतेक ब्रिटनचं असावं. तिथं १ जानेवारी १९९७ नंतर कारचं लायसन काढणाऱ्यांना जड ट्रेलर ओढण्यासाठी खरोखरच आणखी एक परीक्षा द्यावी लागायची, आणि मेंढ्या-गाई ट्रेलरमधून नेणारे तिथले शेतकरी त्यावरून कुरकुर करायचे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती परीक्षा बंद झाली, आता साध्या कार लायसनवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. आपल्या कायद्यात तुमच्या-माझ्यासारख्यासाठी असा वेगळा टप्पा नाही. माझ्या मते असायला हवा होता. रस्त्यावर ट्रॅक्टर चालवणं आणि भरली ट्रॉली घेऊन घाट उतरणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याची परीक्षा आपल्याकडं कुणीच घेत नाही.

‘शेतकऱ्याला लायसन लागत नाही’ याचं उगमस्थान सांगतो. कलम ३ मध्ये लायसनची सक्ती सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवण्यासाठी आहे. स्वतःच्या रानात नांगरट करताना लायसन लागत नाही, ते खरं. पण बांध ओलांडून ट्रॅक्टर गावच्या रस्त्यावर आला की लागतं, मग तो रस्ता डांबरी असो की मुरमाचा. लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी कोणतीही वाट यात येते. सातबारा दाखवून सूट मिळत नाही.

वडिलांच्या लायसनची तारीख आजच बघा. जुन्या कायद्यात २० वर्षं किंवा वयाची पन्नाशी, यातलं जे आधी येईल तिथं मुदत संपायची. बऱ्याच जणांना ‘वीस वर्षांचं लायसन’ एवढंच लक्षात असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन चाळिशीपर्यंत चालतं, ३० ते ५० वयात १० वर्षं, ५० ते ५५ मध्ये काढलं तर साठीपर्यंत, आणि ५५ नंतर दर वेळी ५ वर्षं. चाळिशी ओलांडली की डॉक्टरचा दाखला, नमुना १-अ, जोडावा लागतो. मुदत संपून वर्षापेक्षा जास्त झालं असेल तर नुसतं नूतनीकरण होत नाही, पुन्हा चाचणी द्यावी लागते. पूर्वी मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत होती, ती २०१९ च्या दुरुस्तीत निघाली. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी अपघात झाला तर त्या दिवशी वडिलांकडं लायसन नव्हतं असं धरलं जाऊ शकतं.

मुलगा १९ वर्षांचा म्हणजे ट्रॅक्टरसाठी वय भरलं. शिकाऊ लायसन काढा, ३० दिवसांनी पक्क्याची चाचणी देता येते, शिकाऊची मुदत ६ महिने असते. शिकाऊ लायसनवर रस्त्यावर चालवताना पक्कं लायसन असलेला माणूस शेजारी बसायला लागतो, तोही गाडी थांबवता येईल अशा जागी. ट्रॅक्टरवर अशी जागाच नसते. त्यामुळं त्याला एलएमव्हीचं शिक्षण कारवर द्या आणि ट्रॅक्टरचा हात रानात बसू द्या. पिकअपच्या बाबतीत, रंभा देवी निकालानंतर त्याला ती चालवता येते असा युक्तिवाद मी कोर्टात करीन, पण माझ्या घरचा मुलगा असता तर २० पूर्ण होईपर्यंत जनावरं भरलेली पिकअप त्याच्या हातात दिली नसती.

आणि मुलगा १५-१६ वर्षांचा असता तर मी हे उत्तर इथंच थांबवलं असतं. कलम १९९-अ प्रमाणं अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या पोराला २५ वर्षांचं होईपर्यंत लायसन नाही. उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्याला उभं राहून बघा, किती कोवळी पोरं स्टिअरिंगवर असतात.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडं येतो.

कायद्यात ‘माल’ या शब्दाची व्याख्या कलम २(१३) मध्ये आहे आणि तीत पशुधन थेट धरलेलं आहे. म्हणजे ट्रॉलीतली म्हैस ही कायद्याच्या भाषेत माल आहे. दुसरीकडं, केंद्रीय मोटार वाहन नियमांत शेती ट्रॅक्टर हे ‘नॉन-ट्रान्सपोर्ट’ वाहन आहे, आणि शेती ट्रॉली म्हणजे मुख्यतः शेतीचं साहित्य वाहणारी. घरची म्हैस घरच्या गोठ्यात आणणं हे शेतीचंच काम आहे, असं मी मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणापुढं ठामपणे मांडीन, आणि ते पटायलाही हरकत नाही. पण शेजाऱ्याची गाय पैसे घेऊन नेली की ते भाडं झालं. रक्कम डिझेलपुरती होती हे तुमचं तुम्हाला माहीत. तिकडून साक्षीला आलेला शेजारी उलटतपासणीत ‘होय, पाचशे रुपये दिले होते’ एवढंच सांगतो आणि खाली बसतो.

शेती ट्रॅक्टरची पॉलिसी काढून बघा. वापराच्या मर्यादा अशी एक ओळ असते, तिथं शेतीच्या कामापुरता वापर असं लिहिलेलं असतं आणि भाड्याचा वापर वगळलेला असतो. नागशेट्टी निकाल तुम्हाला लायसनच्या मुद्द्यावर वाचवतो, वापराच्या मुद्द्यावर नाही. हा फरक भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. सुप्रीम कोर्टानंच २००५ मध्ये नटवर पारिख विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून मालवाहू वाहन होतं आणि त्याला परमिट लागतं, असं धरलं. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर आहेत. चालकाला लायसन पुरेसं आहे का, हा एक प्रश्न. त्या जोडीचा धंद्यासाठी वापर झाला तर परमिट आणि विमा काय म्हणतो, हा दुसरा. वीट, वाळू, खडी वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना दुसरा प्रश्न नेहमी भेटतो. भाड्यानं जनावरं नेलीत तर तुम्हालाही भेटेल.

पॉलिसीत आणखी एक जागा बघायची. ट्रॉलीचा उल्लेख आणि तिचा वेगळा हप्ता आहे का? ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे मागच्या ट्रॉलीचा आपोआप झाला, असं गावात सगळे धरून चालतात. मागून येणारा मोटारसायकलवाला रात्री ट्रॉलीवर आदळला की कंपनीचा पहिला आक्षेप हाच असतो: ट्रॉली आमच्याकडं उतरवलेलीच नाही.

आणि तुमची ट्रॉली तर पासिंग केलेली नसणार, फॅब्रिकेशनवाल्याकडच्या बहुतेक नसतात. कलम २(२८) प्रमाणं ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, त्यामुळं तिला स्वतःची नोंदणी लागते. तिचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूवर लिहायचा, आणि मागच्या फाळक्यावर तिला ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर, असं कलम ६१ सांगतं. नंबरच नसलेल्या ट्रॉलीचा विमा कोण उतरवणार? तेव्हा म्हशींचा विषय थोडा बाजूला ठेवून आधी ट्रॉली पासिंगला न्या. मागं लाल रिफ्लेक्टर, चालू दिवे, हूकला पिन आणि पिनीला चाप, शिवाय जोडीला सुरक्षेची साखळी, एवढं त्या निमित्तानं होऊन जाईल.

विमा नाकारला गेला तर काय होतं? अपघातात बाहेरचा माणूस जखमी झाला किंवा मेला, तर बऱ्याचदा न्यायाधिकरण कंपनीला सांगतं, आधी पैसे भरा आणि मग मालकाकडून वसूल करा. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून ही वाट रुळली आहे, आणि पीडिताच्या दृष्टीनं ती चांगलीच आहे. पण वसुली मालकाकडून होते, म्हणजे तुमच्या वडिलांकडून. ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी करता येते. कर्त्या माणसाच्या मृत्यूची भरपाई आज सहज लाखांत जाते. सातबाऱ्यावर बोजा चढलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या कुणाचाच ट्रॅक्टर चोरीच्या धंद्यात नव्हता.

आता ट्रॉलीत बसणाऱ्या माणसाचं. जनावर घाबरू नये म्हणून घरचा एक गडी ट्रॉलीत कासरा धरून उभा राहतो, ही आपली पद्धत. शेती ट्रॅक्टरवर चालकाची एकच बैठक असते. मडगार्डवर किंवा ट्रॉलीत बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं न्यायालयांनी पुन्हा पुन्हा म्हटलं आहे. ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध ब्रिज मोहन या २००७ च्या निकालात ट्रॉलीवरचा मजूर पडून जखमी झाला होता. कोर्टानं विमा कंपनी जबाबदार नाही असंच ठरवलं, फक्त त्या मजुराची अवस्था पाहून आपले विशेष अधिकार वापरले आणि आधी कंपनीनं द्यावं, मग मालकाकडून घ्यावं असा आदेश दिला. ते विशेष अधिकार सुप्रीम कोर्टाचे असतात, आपल्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणाचे नाहीत.

गंमत अशी की जनावरांच्या वाहतुकीचे नियम सोबत माणूस पाहिजेच म्हणतात. प्राणी वाहतूक नियम १९७८ मध्ये गुरांसाठी अटी आहेत: मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नाहीत, प्रत्येक गाडीसोबत एक राखणदार, तळाला घसरू नये असं काथ्याचं मॅटिंग किंवा लाकडी फळ्या, हौदा उथळ असेल तर बाजू उंच केलेल्या, गुरांबरोबर दुसरा माल नाही, आणि शक्यतो जनावराचं तोंड इंजिनाकडं. एक नियम म्हणतो राखणदार न्या, दुसऱ्या कायद्यानं त्याला बसायला जागा नाही. पिकअपमध्ये तो केबिनमध्ये बसतो आणि दोन्ही नियम सांभाळले जातात. ट्रॅक्टरवर सांभाळले जात नाहीत. जनावरांसाठी ट्रॅक्टर-ट्रॉली नको, हे माझं मत मुख्यतः यावरून झालंय.

२०१५ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-ई हा नियम आला आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याप्रमाणं जनावरं वाहणाऱ्या गाडीत कायमचे कप्पे पाहिजेत, एका कप्प्यात एक जनावर. गाय-म्हशीला किमान २ चौरस मीटर, घोड्याला २.२५, डुकराला ०.६ आणि शेळी-मेंढीला ०.३. आपल्या मापात २ चौरस मीटर म्हणजे साडेएकवीस चौरस फूट, साधारण ८ फूट लांब आणि पावणेतीन फूट रुंद. तुमची ट्रॉली १० बाय ६ ची असेल तर दोन म्हशी बसतात, तिसरीला थोडक्यात जागा कमी पडते. साडेपाच फूट रुंद आणि ९ फूट लांब हौद्याच्या पिकअपमध्येही दोनच. बाजारात एका पिकअपमध्ये पाच-पाच गाई कोंबलेल्या दिसतात तेव्हा हे गणित आठवा.

जनावर उभं राहून प्रवास करतं. ऊस भरला की जागचा हलत नाही. म्हैस मात्र वळणावर आपलं वजन एका बाजूला टाकते, आणि दोन म्हशी एकदम टाकतात. दोन चाकांच्या ट्रॉलीत त्या मागं सरकल्या तर हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेकची पकड सुटते. पुढं सरकल्या तर सगळा भार हूकवर येतो आणि चढाला ट्रॅक्टरचं तोंड उचलायला बघतं. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणून मधली आडवी दांडी आणि कप्पे हे दंड चुकवण्यासाठी नाहीत, गाडी सरळ राहावी म्हणून आहेत. खाली पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं की काम झालं असं समजू नका, शेणामुताने ते तासाभरात घसरडं होतं. काथ्याची चटई किंवा आडव्या फळ्या लागतात. आणि म्हैस ट्रॉलीत चढवायची तर उतार लागतो. बाजारात धक्का असतो, तुमच्या दारात तो कुठून येणार, याचा विचार निघण्याआधी करा.

मुळात घोडेगाव ते सांगोला अंतर दोनशे किलोमीटरच्या वर आहे. ट्रॅक्टरच्या वेगानं तो पूर्ण दिवसाचा प्रवास, त्यातही शेवट अंधारात. एवढ्या वेळ म्हशीला उभं ठेवणं, मध्ये पाणी पाजणं, दुभती असेल तर धार काढणं, हे सगळं ट्रॅक्टरवर जमवायचं म्हणजे जनावराचे हाल. पाच-दहा किलोमीटरवरून, शेजारच्या गावातून आणायची असती तर मी एवढं म्हटलं नसतं.

कागदांकडं येऊ. पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखला घ्या. बाजारातच बहुधा सोय असते. लंगडं, आंधळं, आजारी, थकलेलं जनावर नेता येत नाही. नुकतीच व्यालेली किंवा वाटेतच विण्याची शक्यता असलेली म्हैसही नको. गाभण म्हैस घेत असाल तर दाखला देणाऱ्या डॉक्टरला स्पष्ट विचारा, हेड्याच्या, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याच्या, ‘अजून दोन महिने आहेत’वर जाऊ नका. बाजार समितीची खरेदी पावती तुमच्या नावानं, जनावराच्या वर्णनासह करून घ्या. कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर पावतीवर आणि दाखल्यावर एकच आहे ना, तो स्वतः ताडून बघा. राज्य सरकारनं २०२४ पासून टॅगची सक्ती केली आहे आणि टॅग नसलेलं जनावर विकत घेण्याच्या फंदात पडू नये. २०२२ मध्ये लम्पीच्या वेळी बाजार आणि जनावरांची वाहतूक कशी बंद झाली होती ते तुम्हाला आठवत असेल. साथ असली तर निघण्याआधी जिल्ह्याचा आदेश बघायचा.

रस्त्यात अडवणुकीची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असतेच. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर बंदी आधीपासूनच होती, २०१५ पासून तीत बैल आणि वळूही आले, आणि कत्तलीसाठी त्यांच्या वाहतुकीवरही बंदी आहे. पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हैस त्या बंदीत येत नाही, पण रस्त्यावर अडवणारे फरक करतीलच असं नाही. खिलार बैल घेऊन शर्यतीला जाणाऱ्यांनी तर कागद हातातच ठेवावेत. या कायद्याखाली गाडी थांबवून तपासण्याचा अधिकार पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला, किंवा सरकारनं अधिकार दिलेल्या व्यक्तीला आहे. लायसन मात्र गणवेशातला कोणताही पोलीस मागू शकतो, आणि डिजिलॉकरमधलं चालतं. खाजगी जमावानं अडवलं तर वाद घालू नका, पैसे देऊ नका, ११२ ला फोन लावा आणि कागद पोलिसांनाच दाखवा.

गाडीत दाटीवाटी करण्याबद्दल प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती आहे माहीत आहे? १० ते ५० रुपये. ते ऐकून लोक हसतात. पण २०१७ च्या नियमांप्रमाणं जप्त केलेली जनावरं गोशाळेत किंवा तशा संस्थेत ठेवली जातात आणि खटला चालेपर्यंत त्यांच्या चाऱ्यापाण्याचा, औषधाचा रोजचा खर्च आरोपीच्या नावावर चढतो. त्यासाठी गाडीचा मालक, पाठवणारा आणि नेणारा असे सगळे एकत्रितपणे जबाबदार धरले जातात. शेजाऱ्याची गाय पाचशे रुपयांत नेताना तुम्ही नेमकं काय अंगावर घेताय, ते आता लक्षात येईल. ती नेऊ नका. शेजारी फारच जवळचा असेल तर त्याला पिकअप ठरवून द्या आणि सोबत जा.

तुमच्या दोन म्हशींसाठीही मी तेच सुचवीन. कप्पे असलेली पिकअप भाड्यानं घ्या. निघण्याआधी तिच्या आरसीवर जीव्हीडब्ल्यू, विम्याची तारीख आणि चालकाच्या लायसनची मुदत, या तिन्हींचा मोबाईलवर फोटो काढा. चालकाला राग येत नाही, सवय असते त्यांना. जीव्हीडब्ल्यू ३,००० किलोच्या आत असेल तर परमिटचा प्रश्न येत नाही, वर असेल तर परमिटही बघा. तुम्ही केबिनमध्ये बसा, ट्रॉलीचा गडी मागच्या हौद्यात नको. गाडीच्या विम्यात आत भरलेल्या म्हशी येत नाहीत, त्यामुळं पशुधन विमा खरेदीच्या दिवसापासूनच सुरू करा आणि प्रवासात जनावर दगावलं तर भरपाई आहे का, ते एजंटकडून लेखी घ्या.

ट्रॅक्टर-ट्रॉली मात्र पासिंग करून घ्याच. वैरण, कडबा, खत त्याच रस्त्यानं न्यायचं आहे. पासिंगला जाताना ट्रॅक्टरचं आरसी, वडिलांचं ओळखपत्र आणि ट्रॉली करणाऱ्याची पावती लागेल. फॅब्रिकेशनवाला पक्की पावती द्यायला टाळाटाळ करत असेल तर आधी त्याच्याकडं जा, कारण त्या कागदाशिवाय आरटीओत पुढचं काहीच हलत नाही.